नानांचा फोटो आणि त्याखालचा मजकूर

नाना पाटलांचा स्मृतिदिन, ६ डिसेंबर, जवळ आला की सांगली-साताऱ्याच्या ग्रुपांवर तोच मेसेज फिरायला लागतो. वर क्रांतिसिंह नाना पाटलांचा फोटो आणि खाली तीन दावे. नानांनी एकहाती इंग्रजांना पळवून लावलं. गद्दारांच्या पायात पत्र्या (घोड्याला ठोकतात तसे नाल) ठोकून जरब बसवली. स्वातंत्र्य मिळताच राजकारणाला रामराम ठोकला, म्हणून आज त्यांना पक्षाचा रंग देऊ नका. हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते, आणि नाना निम्मे उरतात.

एकहाती? मग कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांना समांतर उभारलेल्या सरकारच्या, तुफान सेनेची लढणारी पोरं, रात्री-अपरात्री भाकरी बांधून देणाऱ्या बाया कुठे गेल्या? नानांची स्वतःची लेक हौसाताईच घ्या. भवानीनगरच्या पोलीस चौकीतली हत्यारं पळवायची होती. चौकीसमोर भांडण रंगवलं गेलं: दारू प्यालेला नवरा बायकोला मारतोय. ती बायको म्हणजे हौसाताई. नवरा झालेल्या साथीदाराने तिच्या डोक्यात घालायला दगड उचलला, तसे पोलीस सोडवायला धावले आणि मागे चौकी मोकळी झाली. मार मात्र नाटकातला नव्हता, तो तिने खराच खाल्ला. नाना आमच्या सगळ्यांचे नेते, यात वादच नाही. पण हे सगळं एका माणसाच्या नावावर चढवून आपण कुणाची नावं खोडतो?

पत्र्यांची गोष्ट फॉरवर्ड करणाऱ्यांना फार आवडते. तळपायावर फटके मारायची शिक्षा होती, ती लपवायचं काही कारण नाही. पण १९४३ ते १९४६ तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या (आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग त्यातच होता) शेकडो गावांत लोक इंग्रजांची कोर्टं सोडून प्रतिसरकारच्या न्यायमंडळांकडे गेले, ते काय निव्वळ भीतीपोटी? बांधाचे तंटे तिथे मिटायचे. सावकाराला आळा बसला, दारूबंदी झाली, कमी खर्चाची गांधी लग्नं लागली. नुसत्या धाकावर तीन वर्षं गाव चालत नाही, हे गावात राहिलेल्या कुणालाही कळतं.

आता तो रामराम. नाना १९३० साली तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत पडले, ते पुन्हा बाहेर आलेच नाहीत. स्वातंत्र्यानंतर ते शेतकरी कामगार पक्षात गेले, पुढे कम्युनिस्ट पक्षात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते होते. १९५७ साली साताऱ्यातून लोकसभेवर गेले आणि १९६७ साली बीडमधून. दोन्ही वेळा कम्युनिस्ट पक्षाकडून. तुम्हाला लाल बावटा पटत नसेल तर खुशाल विरोध करा, नानांनीही आयुष्य विरोधातच काढलं. पण पक्षाचा रंग नको म्हणत फोटो पुढे ढकलायचा असेल, तर साताऱ्याच्या आणि बीडच्या मतदारांनी कुणाला निवडून दिलं होतं, तेही त्याखाली लिहा.