बाईला मोफत वकिलासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही

नाशिकच्या सातपूर-सिडकोकडच्या महिलांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘घरात मारहाण होत असेल तर मोफत वकील फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांना. आधी पोलीस केस लागते. केस केली की सासरचं घर सुटतं, आणि निकालाला दहा वर्षं.’ यातलं दहा वर्षांचं सोडलं तर सगळं चूक. तेही अर्धवटच खरं.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२ : स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. बँकेत नोकरी करणारी असो वा निफाडला द्राक्षबागेत रोजाने जाणारी, हक्क सारखाच. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या समितीकडे करायचा. चौकशीला १५१०० हा फोन नंबर आहे.

एफआयआर? २००५च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली अर्ज करायला तो लागत नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जा, ते घटनेचा अहवाल लिहून घेतात. नाहीतर थेट मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा. आज रात्रीच जिवाला धोका असेल तर मात्र ११२ लावा. आणि हे फारसं कुणी सांगत नाही: मोफत वकिलाचा हक्क बाईला सांगणं हे याच कायद्याच्या कलम ५ नुसार पोलिसांचंही काम आहे.

घराचं तर उलटंच आहे. ‘घर सासूच्या नावावर, तुझा काय संबंध?’ हे ऐकून कित्येक जणी पिशवी भरतात. कलम १७ म्हणतं, एकत्र राहत्या घरात राहण्याचा हक्क बाईला आहे, मालकी कुणाचीही असो. २०२० साली सतीश चंदर आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सासऱ्याच्या नावावरचं घरही यात येऊ शकतं असं स्पष्ट केलं. मालकी मिळत नाही, पण कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही. कोर्ट नवऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतं.

माहेरी आलेली असली तरी अडत नाही. सासर पुण्याचं आणि सध्या मुक्काम सिन्नरला, तर अर्ज इथेही चालतो. तात्पुरता मुक्कामही पुरतो.

राहिली दहा वर्षं. साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, आणि तो मुहूर्त बऱ्याचदा टळतो, हे खरंच. पण कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेश मागता येतो: मारहाण थांबवण्याचा, खर्चाचा, मुलांच्या ताब्याचा. त्यासाठी शेवटच्या निकालाची वाट बघायची नसते. संरक्षणाचा आदेश, अंतरिम असला तरी, मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्याच अर्जात अंतरिम मागणी लिहायला वकिलाला सांगा.