‘बायॉसमध्ये एक आकडा बदला, आय५-१२४०० थेट ५ गिगाहर्ट्झवर’: खुलासा

इंटेलच्या आय५-१२४०० प्रोसेसरचा वेग बायॉसमधून, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधून, वाढवण्याचा हा मेसेज सध्या फिरतोय. साध्या बोर्डावर तसं होत नाही. या चिपचा मल्टिप्लायर, म्हणजे बोर्डाच्या मूळ वेगाला (बेस क्लॉक) ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा, कुलूपबंद आहे. तो वाढवायचा तर नावात ‘के’ अक्षर असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा मदरबोर्ड लागतो. वेगळा क्लॉक जनरेटर (बेस क्लॉक तयार करणारी चिप) असलेल्या मोजक्या बी६६० मालिकेच्या बोर्डांवर बेस क्लॉक वाढवून लोकांनी ५ गिगाहर्ट्झ गाठले होते, हे खरं. पण ते बोर्ड महाग. मग स्वस्ताई राहिली कुठे?

कमी पैशांत ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जोरात चालवायची, हौस भागवायची तर एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर बघा. मल्टिप्लायर मोकळा, बी४५० किंवा बी५५० बोर्ड पुरतो. ए५२० मात्र घेऊ नका, त्यावर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग चालत नाही. आणि व्होल्टेज वाढवणार असाल, तर सोबत आलेल्या छोट्या कूलरच्या भरवशावर राहू नका.