‘दोन-तीन दिवस खाज येतेच’ म्हणून थांबू नका

उन्हाळा लागला की कुत्रेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: ‘कुत्र्याच्या केसांना पूर्ण मशीन मारा, गार वाटेल. मग डेटॉलच्या पाण्याने अंघोळ घाला. अंग लाल झालं तर टी ट्री ऑइल किंवा कॅलामाइन लावा. दोन-तीन दिवस खाज येतेच, घाबरू नका.’ पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण त्रास मुक्या जीवाला होतो.

पॉमेरेनियन, जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा राठ थर ऊन अडवतो. आतली गळणारी लव विंचरून काढली की हवा खेळते, तेवढं पुरतं. मुळापर्यंत मशीन फिरवलं तर कातडी उघडी पडते आणि काही कुत्र्यांचे केस वर्षभरही धड येत नाहीत. आमच्या पॉमच्या पाठीवर अजून चट्टा आहे. केसांच्या जटाच झाल्या असतील तर मशीनला पर्याय नाही, हे खरं. पण तेव्हाही ग्रूमरला, म्हणजे केस कापणाऱ्याला, ब्लेडचा नंबर विचारा. दहा नंबरचं ब्लेड साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतं, चाळीस नंबरचं त्याहून आखूड कापतं, ते ऑपरेशनच्या जागेसाठी असतं. शिवाय चालून चालून ब्लेड तापतं. ते अधूनमधून स्वतःच्या मनगटाला लावून बघणारा ग्रूमर सोडू नका.

डेटॉल नकोच. नुकत्याच मशीन मारलेल्या कातडीची त्याने आग होते आणि कुत्रा ते चाटतो. चाटण्याचा हा मुद्दा मेसेज लिहिणाऱ्याच्या ध्यानातच आलेला नाही. निव्वळ टी ट्री ऑइल पोटात गेलं किंवा कातडीतून मुरलं तरी कुत्र्याची लाळ गळते, तोल जातो, अंग थरथरतं. कॅलामाइनमध्ये झिंक ऑक्साइड असतं, ते चाटलं की उलट्या होतात.

सगळ्यात घातक आहे ते मेसेजचं शेवटचं वाक्य, ‘दोन-तीन दिवस खाज येतेच’. अंघोळीनंतर एक-दोन दिवसांत कुत्रा मलूल झाला, पाठीला हात लावू देईना, ताप आला, पाठीवर रक्ताळलेले फोड दिसले, तर ती खाज नव्हे. तो केसांच्या मुळांत खोलवर गेलेला जंतुसंसर्ग असू शकतो, बहुतेकदा स्यूडोमोनास या जिवाणूचा. पाणी घालून पातळ केलेला शाम्पू बाटलीत दिवसचे दिवस पडून राहिला की त्यात हा वाढतो, आणि केसांच्या उलट्या दिशेने चोळताना मुळांत शिरतो. सुरुवातीला वरून जखम दिसत नाही, म्हणून घरचे थांबतात. थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि अंघोळ कधी, कुठे घातली तेही सांगा.

नुसती किंचित लाली असेल तर ती साधारण दिवसभरात उतरते. गार पाण्यात पिळलेलं सुती फडकं पाच-दहा मिनिटं ठेवा, दिवसातून दोन-तीनदा. चाटत असेल तर गळ्यात कोन (तोंड अंगापर्यंत पोचू न देणारी शंकूसारखी कॉलर) घाला. लगेच दुसरी अंघोळ घालू नका. आणि घरात पातळ केलेला शाम्पू उरला असेल तर तो आजच मोरीत ओता.