अंबाजोगाई पायीच पाहावी
अंबाजोगाईच्या मुख्य रस्त्यावर झाडांच्या सावलीतून मारलेल्या फेरफटक्याचे आपण आपल्या लेखात केलेले वर्णन मनापासून भावले. कोकणातील अनेक घराण्यांची कुलदेवता असलेल्या योगेश्वरीच्या दर्शनाला आलेले बहुतेक जण गाडीतूनच परततात. मात्र आद्यकवी मुकुंदराजांची समाधी जिथे आहे आणि लांबलचक कापडी पासोडीवर ‘पंचीकरण’ हा तत्त्वज्ञानपर ग्रंथ लिहिणारे संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) जिथे राहिले, ते गाव पायीच पाहावे. लेखात एक गोष्ट यायला हवी होती. रस्त्याकडेच्या कडुनिंबाच्या बुंध्याला अगदी खेटून काँक्रीट ओतले, की पावसाचे पाणी मुळांपर्यंत मुरतच नाही आणि ऐन चैत्रात, बारीक पांढऱ्या मोहोराचा सडा पडण्याच्या दिवसांत, फांद्या वाळू लागतात. प्रत्येक झाडाभोवती निदान हातभर माती मोकळी राहावी, असा आग्रह नागरिकांनी धरावा.