न्यूयॉर्कने बटण दाबलं की अख्खी अमेरिका तेच पाहायची?

जुन्या अमेरिकन टीव्हीबद्दलचा एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: तेव्हा तीनच चॅनेल होते. न्यूयॉर्कमधले मूठभर लोक ठरवायचे आणि सगळा देश तेच, त्याच वेळी पाहायचा. गावोगावची स्टेशनं म्हणजे नुसते टॉवर. नेटवर्कने मालिका बंद केली की ती संपली, आणि पुनःप्रक्षेपण म्हणजे रिकाम्या वेळेत ढकललेला जुना माल. शेवटी निष्कर्ष: म्हणून तेव्हा देश एकजूट होता, चॅनेल वाढले आणि फाटाफूट झाली.

आपल्याला हे चटकन पटतं, कारण आपण दूरदर्शनवर वाढलो. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, १५ ऑगस्ट १९८२ ला राष्ट्रीय कार्यक्रम आला, आणि मग रात्री दिल्लीहून येईल ते मुंबईकरांनी पाहायचं हे ठरूनच गेलं. तेच चित्र आपण अमेरिकेवर चिकटवतो. तिथली घडण मात्र मुळातच वेगळी होती.

'तीन चॅनेल' इथूनच घोळ सुरू होतो. एनबीसी, सीबीएस आणि एबीसी ही नेटवर्क होती, म्हणजे गावोगावच्या स्टेशनांना कार्यक्रम पुरवणाऱ्या कंपन्या. प्रक्षेपणाचा परवाना एफसीसी हा सरकारी आयोग द्यायचा, आणि तो एकेका शहरातल्या एकेका स्टेशनला. नेटवर्क म्हणून कोणालाही परवाना नव्हता. १९५०च्या दशकापासून १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत एका मालकाला देशभरात जास्तीत जास्त सात टीव्ही स्टेशनं बाळगता येत, आणि त्यातली व्हीएचएफ, म्हणजे टीव्हीच्या दोन लहरपट्ट्यांपैकी अधिक चांगल्या पट्ट्यातली, पाचच. त्यामुळे नेटवर्कची स्वतःची स्टेशनं न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस अशा मोजक्या शहरांत. बाकीची दोनशेच्या आसपास 'अफिलिएट', म्हणजे करार करून जोडलेली, पण मालक भलतेच. मिलवॉकीत वर्तमानपत्राच्या कंपनीचं स्टेशन होतं, नॅशव्हिलमध्ये विमा कंपनीचं.

पैसा कोणाकडून कोणाकडे जायचा हेही पाहा. नेटवर्क आपला कार्यक्रम दाखवण्याबद्दल अफिलिएटला पैसे द्यायचं. कार्यक्रमातल्या बहुतेक जाहिराती नेटवर्क विकायचं, काही जागा स्टेशनला स्थानिक जाहिरातींसाठी सोडायचं, आणि शिवाय हवेतल्या वेळेचा मोबदला मोजायचं. गरज कोणाला जास्त होती ते यावरून कळतं. डुमाँ नावाचं चौथं नेटवर्क १९५६ मध्ये मिटलं, त्याचं एक मोठं कारण हेच: १९४८ ते १९५२ नव्या परवान्यांवर बंदी होती, बऱ्याच शहरांत एक-दोनच स्टेशनं होती, आणि ती आधीच एनबीसी-सीबीएसशी बांधली गेली होती. कार्यक्रम होते, दाखवायला जागा नव्हती.

आणि 'तीन' हा आकडाही सगळीकडे खरा नव्हता. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला १९५०च्या दशकातच सात व्हीएचएफ स्टेशनं दिसत होती. टेक्सासची राजधानी ऑस्टिन इथे मात्र १९५२ ते १९६५ एकच, केटीबीसी. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले लिंडन जॉन्सन यांच्या कुटुंबाच्या मालकीचं हे स्टेशन तिन्ही नेटवर्कच्या कार्यक्रमांतून निवड करायचं. तिथला प्रेक्षक काय पाहणार हे न्यूयॉर्कवर नव्हे, त्या एका स्टेशनवर अवलंबून होतं.

'त्याच वेळी' या शब्दांचं तर फार काही उरतच नाही. दोन्ही किनारे जोडणारी लाइन सप्टेंबर १९५१ मध्ये सुरू झाली. त्याआधी पश्चिमेकडे पडद्यावरून कॅमेऱ्याने टिपलेली धुरकट फिल्म टपालाने जायची. पुढे घड्याळांतल्या फरकामुळे पश्चिमेला कार्यक्रम टेपवरून उशिरा लागू लागले. आणि कुठलंही अफिलिएट एखादा कार्यक्रम आपल्या सोयीच्या वेळी सरकवू शकत होतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते नकार देऊ शकत होतं. परवाना स्टेशनच्या नावावर, म्हणून दाखवलेल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी स्टेशनची, आणि म्हणून नाकारण्याचा हक्कही स्टेशनचा. नोव्हेंबर १९७२ मध्ये सीबीएसच्या 'मॉड' मालिकेत नायिका गर्भपाताचा निर्णय घेते, तेव्हा इलिनॉयमधल्या दोन अफिलिएटनी तो भाग लावला नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये तोच पुन्हा दाखवायचा ठरला, तर तीन डझनांहून अधिक स्टेशनांनी पाठ फिरवली. १९७०च्या दशकात नेटवर्कना संध्याकाळच्या राष्ट्रीय बातम्या अर्ध्या तासावरून एक तासाच्या करायच्या होत्या. वॉल्टर क्रॉन्काइट यांच्यासारखा नावाजलेला वृत्तनिवेदक जवळ असूनही सीबीएसला ते जमलं नाही, कारण अफिलिएटना आपला कमाईचा अर्धा तास सोडायचा नव्हता. टॉवर असे अडून बसत नाहीत.

आता मला सर्वात जिव्हाळ्याचा मुद्दा: 'नेटवर्कने बंद केलं की संपलं'. हे लिहिणाऱ्याला सिंडिकेशन, म्हणजे नेटवर्कला वगळून कार्यक्रम थेट एकेका स्टेशनला विकण्याचा धंदा, माहीतच नसावा. नेटवर्कच्या वेळेबाहेरचा दिवस स्टेशनने स्वतः भरायचा असे, आणि नेटवर्क नसलेल्या स्वतंत्र स्टेशनला तर सगळाच. त्यासाठी कार्यक्रम विकणाऱ्या कंपन्यांचे विक्रेते शहरोशहरी फिरायचे आणि एका शहरात एकाच स्टेशनला हक्क द्यायचे. सिनसिनाटीच्या फ्रेडरिक झिव्ह यांनी 'हायवे पेट्रोल' आणि 'सी हंट' या मालिका कुठल्याही नेटवर्कविना, अशाच थेट स्टेशनांना विकल्या. कार्यक्रमाची १६ मिलिमीटरची प्रिंट एका स्टेशनवर लागली की टपालाने पुढच्या स्टेशनला रवाना व्हायची, आपल्याकडे जत्रेतल्या तंबू थिएटरांत रिळांच्या पेट्या फिरायच्या तशी. म्हणजे एकच भाग एका शहरात या आठवड्यात, तर दुसरीकडे पुढच्या महिन्यात. रोख नसेल तर 'बार्टर' चालायचं: कार्यक्रम स्वस्तात किंवा फुकट घ्या, पण त्यातल्या काही मिनिटांच्या जाहिराती आम्ही विकणार.

१९७१ मध्ये एबीसीने लॉरेन्स वेल्क यांचा संगीताचा कार्यक्रम बंद केला, सीबीएसने 'ही हॉ' हा ग्रामीण ढंगाचा विनोद-संगीताचा कार्यक्रम. प्रेक्षक भरपूर होते, पण ते वयस्क आणि ग्रामीण, म्हणून जाहिरातदारांना नकोसे. दोन्ही कार्यक्रम थेट स्टेशनांकडे गेले. वेल्क १९८२ पर्यंत चालले, 'ही हॉ' आणखी वीस वर्षं. १९७१ मध्येच एफसीसीचा नवा नियम लागू झाला होता: मोठ्या ५० बाजारपेठांत रात्रीच्या चार मुख्य तासांपैकी तीनच नेटवर्कला. उरलेल्या वेळेसाठी स्टेशनांना माल हवाच होता. अमेरिकन नेटवर्कनी नाकारलेला बाहुल्यांचा 'मपेट शो' १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये तयार होऊन याच खिडकीतून घराघरांत शिरला. आणि 'स्टार ट्रेक' ही अंतराळातली मालिका! एनबीसीने तीन वर्षांत, ७९ भागांवर ती गुंडाळली होती. आज जगभर तिचे जे चाहते आहेत ते मुख्यतः १९७०च्या दशकात, स्वतंत्र स्टेशनांवर संध्याकाळी रोज लागणाऱ्या त्या ७९ भागांमुळे तयार झाले.

मग 'जुना माल' म्हणणं किती चुकीचं आहे ते लक्षात येईल. नेटवर्क स्टुडिओला जे पैसे द्यायचं त्यात बऱ्याचदा निर्मितीचा खर्चही निघत नसे. स्टुडिओ तोटा सोसायचा तो पुनःप्रक्षेपणाच्या भरवशावर. त्यासाठी साधारण शंभर भाग हवेत असा ठोकताळा होता, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस मालिका लावता येते आणि लगेच तेच तेच येत नाही. या पैशावर नेटवर्कनी हात मारू नये म्हणून १९७० मध्ये एफसीसीने त्यांना या धंद्यातून बाहेर काढलं. सीबीएसला आपला सिंडिकेशन विभाग वेगळा करावा लागला, त्याचं नाव व्हायाकॉम. १९९९ मध्ये याच व्हायाकॉमने सीबीएस विकत घेण्याचा करार केला.

राहिला 'एकजूट' हा दावा, आणि मला राग येतो तो यावरच. रात्रीच्या मुख्य वेळेत बहुसंख्य प्रेक्षक तीन नेटवर्कच पाहायचे हे खरं आहे. पण स्टेशनच्या हातातला नकाराचा हक्क कशासाठी वापरला गेला ते मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात पाहा. तिथलं डब्ल्यूएलबीटी हे एनबीसीचं अफिलिएट, मालक विमा कंपनी. १९५५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे वकील थर्गुड मार्शल नेटवर्कच्या कार्यक्रमात बोलू लागले, आणि जॅक्सनच्या पडद्यावर पाटी आली: क्षमस्व, केबलमध्ये बिघाड. बिघाड कसलाही नव्हता. या स्टेशनच्या मुख्य क्षेत्रातले सुमारे ४५ टक्के लोक कृष्णवर्णीय होते. त्यांनी देशाबरोबर एकच चित्र पाहिलं असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

१९६४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या संस्थेचे एव्हरेट पार्कर यांनी स्थानिक स्वयंसेवकांना बसवून स्टेशनचं प्रक्षेपण आठवडाभर नोंदवून घेतलं आणि परवान्याच्या नूतनीकरणाला हरकत घेतली. एफसीसीने ती मानली नाही. प्रकरण न्यायालयात गेलं. १९६६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की परवान्याच्या सुनावणीत प्रेक्षकांनाही उभं राहण्याचा हक्क आहे, आणि १९६९ मध्ये परवाना रद्दच केला. १९७१ मध्ये स्टेशन एका ना-नफा संस्थेकडे तात्पुरतं सोपवण्यात आलं. पुढच्या वर्षी विल्यम डिल्डे तिथे महाव्यवस्थापक झाले, अमेरिकेतल्या व्यावसायिक टीव्ही स्टेशनचे पहिले कृष्णवर्णीय महाव्यवस्थापक.