हेल्मेट कोपरालाच शोभते

नवी गाडी घेतलीत, अभिनंदन! पेढे वाटून झाले, चाकाखाली लिंबू चिरडून झालं, हँडलला हार पडला. शोरूमवाल्याने सोबत हेल्मेटही दिलं असेल. ते घालायचं कुठं, एवढाच प्रश्न उरतो. पुण्याच्या रस्त्यांवर तीस वर्षं काढल्यामुळे चार गोष्टी सांगू शकतो. फुकट सांगतोय, म्हणजे तुम्ही ऐकणार नाही, हे धरूनच चालतो.

नवखे लोक आधी कायदा वाचतात, तिथेच फसतात. मोटार वाहन कायदा १९८८चा. त्याचं कलम १२९ म्हणतं, चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घालावं, पट्टा नीट बांधावा. छान कलम आहे, रात्री वाचलं तर झोप चांगली लागते. तुमच्या कामाचं कलम १९४ डी. केंद्राच्या कायद्यात तिथे हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स बंद, असं लिहिलंय. १२९ डोक्याविषयी आहे, १९४ डी खिशाविषयी. डोकं आयतं मिळालंय, खिसा आपण घाम गाळून भरलाय. जपायचं काय, ते वेगळं सांगायला नको.

सरकारलाही हे कळतं. १ सप्टेंबर २०१९ला केंद्राने दंड वाढवले, पण महाराष्ट्राने ते लगेच लागू केले नाहीत. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती आणि डोकी फोडायची नव्हती, मोजायची होती. नवे दंड इथे यायला डिसेंबर २०२१ उजाडला.

असो. मुद्द्यावर येऊ. हेल्मेट घरातून निघताना डाव्या कोपरात अडकवावं. आरशाला टांगलं तरी चालतं, मात्र मग मागचं दिसत नाही; तसं आपल्याला मागचं बघायचंही नसतं. चौक शंभर पावलांवर आला की ते डोक्यावर ठेवावं. ठेवावं म्हणतोय, बांधावं नाही. पट्टा हनुवटीखाली झुलत राहिला तर उतरवताना अर्धा सेकंद वाचतो. मामा चौकात दिसले नाहीत म्हणून हुरळू नका. ते पुढच्या वळणावर, झाडाच्या सावलीत, चौघे एका रांगेत असतात. त्याचीही काळजी नसावी, कारण समोरून येणारा अनोळखी माणूस तुम्हाला डिपर मारतो. जात विचारत नाही, पक्ष विचारत नाही. घटनेच्या उद्देशिकेतली बंधुता मी प्रत्यक्षात एवढ्या एकाच ठिकाणी पाहिली आहे.

घटनेचं निघालंच आहे तर ऐका. तिच्यात अनुच्छेद ५१ क आहे, नागरिकांची मूलभूत कर्तव्यं. १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने दहा आली, २००२मध्ये अकरावं आलं. सार्वजनिक मालमत्ता जपा, नद्या-जंगलं राखा, वैज्ञानिक दृष्टी बाळगा. घटनेत दंड मात्र एकालाही जोडलेला नाही. आज जेवताना घरच्यांना अकरापैकी तीन विचारून बघा. भाजीत मीठ कमी आहे का, यावर विषय जाईल. प्रत्येकी पाचशेची पावती ठेवली असती तर आतापर्यंत कर्तव्यांचे क्लासेस निघाले असते, पहिल्या बॅचला सवलत.

काही मंडळी म्हणतात, सक्ती नको, प्रबोधन करा. जानेवारी २०१९मध्ये पुण्यात हेल्मेटसक्तीच्या विरोधात लोक पगड्या घालून रस्त्यावर उतरले होते. कायद्याने सूट आहे ती पगडी बांधणाऱ्या शिखांना. पुणेरी पगडीचं नाव त्यात यायचं राहून गेलंय. पण मागणी रास्तच. प्रबोधनाची ताकद बघायची तर चारचाकीत बसा. पट्टा लावला नाही की गाडी टुंग टुंग करते. पैसे मागत नाही, लायसन्स मागत नाही, साहेबांना फोन लावायला लावत नाही. निव्वळ प्रबोधन, तेही न थकता. त्यावर सुज्ञ नागरिकांनी काय केलं? खाचेत खोचायची एक क्लिप विकत घेतली. खोचली की टुंग टुंग बंद.

म्हणजे पट्टा गाडीबरोबर फुकट आला होता, आणि तो न लावण्यासाठी आपण पदरचे पैसे मोजले. सप्टेंबर २०२२मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्रींचा अपघात झाला, तेव्हा ते मागच्या सीटवर पट्ट्याशिवाय होते असं पोलिसांनी सांगितलं. मग आठवडाभर अख्खा देश मागच्या सीटच्या कव्हराखाली हात घालून पट्टा शोधत होता. आमच्या गाडीत तो सापडला, सोबत दोन रुपयांचं नाणं आणि एक वाळलेली चिक्की. चिक्की फेकली, नाणं घेतलं, पट्टा परत आत गेला. क्लिपांचं दुकान मात्र चालूच राहिलं. शेवटी मे २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानांना आदेश दिला, तेव्हा तेरा हजारांवर जाहिराती उतरवल्या गेल्या. क्लिप विकू नका, हे समजावून सांगून कुणी ऐकलं नव्हतं.

एवढं करूनही कॅमेऱ्याने पकडलंच, तर मोबाइलवर चलन येईल. भरायची घाई करू नका. लोक अदालत लागते, तिथे तडजोड होते. साडीच्या सेलसाठी थांबतो, तसं थांबायचं. सोसायटीतले एक काका सतरा चलनं साठवून बसलेत, फिक्स डिपॉझिट सांगावं तसे सांगतात.

परवा सकाळी शाळेच्या वेळेला सिग्नलला उभा होतो. शेजारच्या स्कूटरवर पुढे पहिली-दुसरीतला मुलगा उभा, गळ्यात पाण्याची बाटली, डोकं उघडं. चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट लागतं, पण त्याची पावती कुणी फाडताना मी पाहिलेलं नाही. बापाने मात्र चौकाआधी स्वतःचं चढवलं होतं. सिग्नल सुटला. चौक ओलांडल्यावर मुलाने मान वळवून मागे नीट बघितलं आणि म्हणाला, "बाबा, गेले मामा. काढा आता."

बाबांनी काढलं आणि आरशाला अडकवलं.