‘पिर्लो कधी धावलाच नाही’: एका लाडक्या पोस्टला उत्तर

वर्ल्ड कप किंवा युरो जवळ आला की इटलीचा मिडफिल्डर आंद्रेआ पिर्लो याच्यावरची एक पोस्ट फुटबॉलच्या ग्रुपांवर हमखास फिरू लागते. फोटो बदलतो, मजकूर साधारण तोच असतो. वर दाढीवाला पिर्लो, हातात वाईनचा ग्लास. खाली लिहिलेलं: हा माणूस कधी धावला नाही, धावायला त्याचा सहकारी गट्टुसो होता. त्याची जागा, त्याचा पास, त्याची फ्री किक, सगळं जन्मजात. इंटर आणि मिलान या त्याच्या क्लबांना त्याची किंमत कळली नाही, दोघांनी त्याला फुकट घालवला. दडपण म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं, वर्ल्ड कप फायनलच्या दुपारी तो प्लेस्टेशन खेळत बसला होता. आणि त्याला अडवणं कुणालाच जमलं नाही.

लिहिणाऱ्याचं पिर्लोवर प्रेम आहे हे उघड आहे. माझंही आहे, म्हणूनच ही पोस्ट डोक्यात जाते. कौतुक करता करता ती त्याची सगळी मेहनत खोडून टाकते.

आधी धावण्याचं बघू. पिर्लोला वेग नव्हता, हे शंभर टक्के खरं. मोकळ्या मैदानात त्याला कुठल्याही विंगरने सहज मागे टाकलं असतं. पण वेग नसणं वेगळं आणि न धावणं वेगळं. बचावफळीच्या पुढे उभं राहून खेळ चालवणाऱ्याचं अर्धं काम चेंडू पायात नसताना चालतं. सेंटर बॅककडे चेंडू आला की त्याला पास देता येईल अशा जागी आधीच पोचायचं. तिथे कुणी अंगावर आला की चार पावलं बाजूला सरकायचं, खांद्यावरून मागे बघायचं, पुन्हा जागा बदलायची. हे नव्वद मिनिटं. टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे असतो, त्यामुळे घरी बसलेल्या आपल्याला पिर्लो दिसतो तो थेट चेंडू मिळाल्यावर, तोही ऐसपैस जागेत उभा. ती जागा त्याला कुणी आंदण दिलेली नसते.

४ जुलै २००६, डॉर्टमुंड. वर्ल्ड कपची सेमीफायनल, समोर यजमान जर्मनी, जादा वेळेतलं ११९ वं मिनिट, स्कोअर ०-०. कॉर्नर परतवला जातो आणि चेंडू बॉक्सच्या तोंडाशी पिर्लोकडे येतो. दोन तास खेळून झालेत. अशा वेळी शंभरातले नव्वद जण तिथून डोळे मिटून शॉट मारतील. पिर्लो मारत नाही. तो चेंडू घेऊन बॉक्सला समांतर उजवीकडे सरकतो, एक स्पर्श, दुसरा, आणखी एक. जर्मन बचावपटू त्याच्याबरोबर ओढले जातात, कारण आता शॉट येणार असं त्यांना वाटतंय. मान दुसरीकडे आणि पास तिसरीकडे: बॉक्समध्ये फाबिओ ग्रोसोच्या डाव्या पायावर. ग्रोसो पहिल्याच स्पर्शात चेंडू वळवून लांबच्या खांबाच्या आत घालतो. गोलरक्षक लेमन झेपावतो, पण उशीर झालेला असतो. पुढच्याच मिनिटांत देल पिएरोने दुसरा गोल केला. पोस्ट बनवणारे नेमकी हीच क्लिप ‘बघा, किती निवांत’ म्हणून लावतात. अहो, ११९ व्या मिनिटाला ते तीन-चार स्पर्श घेण्याएवढा दम आणि डोकं ज्याचं शाबूत आहे, त्याला न धावणारा कसं म्हणायचं? पाच दिवसांनी बर्लिनच्या फायनलमध्ये तो पुन्हा पूर्ण १२० मिनिटं खेळला. मातेराझीने हेडरने गोल केला तो कॉर्नर त्याचाच, शूटआऊटमधली पहिली पेनल्टी त्याचीच, आणि सामनावीरही तोच. (त्या शूटआऊटमध्ये ज्याचा फटका क्रॉसबारला लागला तो फ्रान्सचा त्रेझेगे. २०१४ मध्ये तो आपल्या एफसी पुणे सिटीकडून खेळला.)

‘धावायला गट्टुसो होता’ यात अर्धं सत्य आहे. मिलानमध्ये गट्टुसो शेजारी असल्यामुळे पिर्लोला झोंबाझोंबी कमी करावी लागायची. २००६ मध्ये इटलीकडून त्याच्या भोवती गट्टुसो, पेरोत्ता आणि कामोरानेसी होते, आणि प्रशिक्षक लिप्पीने ती माणसं विचार करूनच निवडली होती. पण २०११ मध्ये पिर्लो युव्हेंटसला गेला तेव्हा गट्टुसो मिलानमध्येच राहिला. तिथे शेजारी आले विदाल आणि मार्किझिओ, हे दोघे तर संधी मिळताच पुढे पळायचे आणि मागची जागा पिर्लोवर टाकायचे. त्या मोसमात लीगच्या ३८ सामन्यांपैकी ३७ मध्ये पिर्लो मैदानात होता. वय ३२. वाईन पीत उभा राहून हे होत नाही.

आता ‘जन्मजात’. पोस्टमधली ही सगळ्यात चुकीची गोष्ट, आणि इथे जरा थांबतो.

ज्या जागेवर तो अजरामर झाला, ती त्याची मूळ जागा नव्हतीच. मे १९९५ मध्ये ब्रेशिया क्लबकडून सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या अव्वल लीगमध्ये, उतरला तेव्हा त्याला सोळावं वर्ष पूर्ण होऊन जेमतेम दोन दिवस झाले होते, आणि तो होता दहा नंबर. म्हणजे स्ट्रायकरच्या मागे खेळणारा, गोल करणारा-करवणारा. १९९८ मध्ये इंटरने त्याला घेतलं ते याच कामासाठी. पण तिथे बाज्जिओ आणि जोरकाएफ आधीच होते, आणि त्या एका मोसमात इंटरने चार प्रशिक्षक पाहिले: सिमोनी, लुचेस्कू, कास्तेलिनी, हॉजसन. एकोणीस वर्षांच्या पोराकडे बघायला कुणाला सवड होती? पुढच्या वर्षी रेजिना क्लबकडे लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना, गेला, तिथे बरा खेळला. २००० मध्ये इटलीच्या २१ वर्षांखालच्या संघाला युरो जिंकून दिला, तोही दहा नंबर म्हणूनच. इंटरला परतला तर पुन्हा बाकावर.

जानेवारी २००१ मध्ये लोनवर परत ब्रेशियाला. आणि तिथे दहा नंबरच्या जागी कोण? तर पुन्हा रॉबर्टो बाज्जिओ! इंटर सोडून तो ब्रेशियाला आला होता. प्रशिक्षक कार्लो माझोने यांच्यापुढे प्रश्न साधा होता: बाज्जिओला बसवता येत नाही आणि या पोराला वाया घालवता येत नाही. त्यांनी पिर्लोला चाळीस-एक मीटर मागे ओढलं आणि बचावफळीच्या पुढे उभं केलं. १ एप्रिलला तुरीनमध्ये युव्हेंटसविरुद्ध काय झालं ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी शोधून पाहावं. ब्रेशिया एका गोलने मागे, सामना संपत आलेला. पिर्लो मधल्या रेषेच्या आसपासहून बचावफळीच्या डोक्यावरून लांब चेंडू टाकतो. बाज्जिओ धावता धावता, पाठीमागून येणारा तो चेंडू पायावर घेतो आणि त्याच स्पर्शात गोलरक्षक व्हॅन डर सारला चकवतो. १-१. लोकांना बाज्जिओचा स्पर्श आठवतो, आणि आठवायलाच हवा. पण पिर्लोच्या पुढच्या सोळा वर्षांचा नकाशा त्या पासात आहे.

त्यानंतरही गाडी रुळावर आली नाही. २००१ च्या उन्हाळ्यात तो मिलानला गेला, तर मिलानने त्याच उन्हाळ्यात रुई कोस्टा आणला, पुढच्या वर्षी रिवाल्डो. म्हणजे दहा नंबरचं दार तिसऱ्यांदा बंद. नोव्हेंबरमध्ये कार्लो अँचेलोटी प्रशिक्षक झाला. बचावफळीच्या पुढे खेळून बघतो, हा प्रस्ताव खुद्द पिर्लोने मांडला, असं अँचेलोटीनेच नंतर सांगितलं आहे. अँचेलोटीला सुरुवातीला ते पटत नव्हतं, कारण त्या जागेवर तेव्हा भिडणारी, चेंडू हिसकावणारी माणसं लागायची. तरी करून बघितलं. २००३ ची चॅम्पियन्स लीग, २००४ ची लीग आणि २००७ ची चॅम्पियन्स लीग, सगळं त्या प्रयोगानंतरचं. जिथे खेळायचं होतं तिथे तीनदा जागा मिळाली नाही, म्हणून या माणसाने स्वतःचं काम बदलून घेतलं. ‘जन्मजात’ म्हटलं की हे सगळंच गायब होतं.

फ्री किकचंही तेच. लियाँच्या जुनिन्योचा चेंडू हवेत लडबडत कसा जातो, याने पिर्लोला पछाडलं होतं. व्हिडिओ बघायचे, फोटो बघायचे, सरावात मारून बघायचं. सुरुवातीला चेंडू गोलवरून थेट कुंपणापलीकडे जायचे. शेवटी गुपित सापडलं ते असं: चेंडूला पूर्ण पाऊल लावायचं नाही, फक्त पहिली तीन बोटं, तीही खालच्या बाजूने. पाऊल शक्य तितकं सरळ ताठ धरायचं आणि मारताना एका झटक्यात सैल सोडायचं. मग चेंडू फिरकी घेत नाही, वर चढतो आणि गोलपाशी अचानक खाली येतो. सेरी आमध्ये त्याने थेट फ्री किकवर २६ गोल केले. त्याच्या पुढे एकटा मिहायलोविच, २८. दैवी देणगीला एवढं शोधावं लागत नाही.

क्लबांच्या मूर्खपणाबद्दल फार लिहीत नाही. इंटरने त्याला फुकट सोडलं नव्हतं, मिलानने सुमारे ३५ अब्ज लिरा मोजले होते. व्यवहार चुकला हे खरं, पण इंटरचा खरा वेडेपणा पाहायचा असेल तर २००२ मध्ये सीडॉर्फ देऊन कोको घेतला तो पाहा. मिलानने २०११ मध्ये करार संपल्यावर त्याला जाऊ दिलं, हे मात्र फुकटच. पण तेव्हाची परिस्थिती काय होती? मिलान नुकताच लीग जिंकला होता. पिर्लो दुखापतींमुळे लीगचे अवघे १७ सामने खेळला होता, आणि प्रशिक्षक अलेग्रीला बचावफळीच्या पुढे व्हॅन बोमेलसारखा राकट माणूस हवा होता. तिशी उलटलेल्यांना मिलान एकेका वर्षाचाच करार देत असे, युव्हेंटसने तीन वर्षं दिली. निर्णय साफ फसला. युव्हेंटस आधीची दोन वर्षं सातव्या क्रमांकावर होता, पिर्लो आल्यावर पहिल्याच मोसमात २३ विजय, १५ बरोबरी आणि एकही पराभव नाही. तरी तो निर्णय घेणाऱ्याला डोकंच नव्हतं असं मला म्हणवत नाही.

प्लेस्टेशनची गोष्ट खरी आहे, ती पिर्लोने स्वतःच लिहून ठेवली आहे. गंमत अशी की त्याच माणसाने हेही लिहिलंय की २००५ मध्ये इस्तंबूलला झालेल्या चॅम्पियन्स लीग फायनलनंतर फुटबॉल सोडून द्यावा असं त्याला वाटत होतं. हे पोस्टमध्ये कधी येत नाही. मध्यंतराला ३-० ने पुढे असलेला मिलान लिव्हरपूलविरुद्ध ३-३ वर आला, शूटआऊटमध्ये सर्जिन्योचा फटका वरून गेला आणि पाठोपाठ पिर्लोची पेनल्टी रेषेवर नाचणाऱ्या गोलरक्षक डुडेकने अडवली. सव्वा वर्षाच्या आत बर्लिनमध्ये पहिली पेनल्टी मारायला तोच पुढे आला. ज्याला दडपण कळतच नाही त्याच्यासाठी यात विशेष काही नाही. ज्याला इस्तंबूल आठवतंय त्याच्यासाठी आहे. २०१२ च्या युरोत इंग्लंडविरुद्ध पेनल्टीला मारलेली ती हलकी चिपसुद्धा उनाडपणा नव्हता. इटली शूटआऊटमध्ये मागे होती आणि जो हार्ट तोंडं वेडावत उड्या मारत होता. एवढा चेकाळलेला गोलरक्षक जागेवर थांबणार नाही, हा हिशेब होता.

‘अडवणं कुणालाच जमलं नाही’ म्हणणाऱ्यांनी मार्च २०१० चा मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा ओल्ड ट्रॅफर्डचा सामना पाहिलेला नाही. युनायटेडचा प्रशिक्षक फर्ग्युसनने पार्क जी-सुंगला एकच काम दिलं होतं: पिर्लोला सोडायचं नाही. मिलान ४-० ने हरला आणि पिर्लो त्या संध्याकाळी जवळजवळ दिसलाच नाही. २०१३ मध्ये बायर्नने म्युनिकमध्ये त्याला वळायलाही जागा दिली नाही. युव्हेंटस दोन्ही सामने २-० ने हरला. इटलीतले संघही त्याच्यावर माणूस लावायचे, मग युव्हेंटसचे लांब पास बचावपटू बोनुचीच्या पायातून निघू लागायचे. उलट इंग्लंडने २०१२ मध्ये कीव्हमध्ये त्याला मोकळा सोडला आणि त्याने १२० मिनिटं त्यांना खेळवलं. इंग्लंडचा प्रशिक्षक कोण होता? रॉय हॉजसन. १९९९ मध्ये इंटरच्या शेवटच्या काही सामन्यांपुरता हाच पिर्लोचा प्रशिक्षक होता!

पोस्टमधला फोटोही काळाशी जुळत नाही. २००६ चा पास आणि शेजारी ती भरघोस दाढी, असं दाखवतात. दाढी युव्हेंटसच्या वर्षांतली. वाईनबद्दल मात्र माझी तक्रार नाही. ब्रेशियाजवळ त्याची स्वतःची द्राक्षबाग आहे.